आत्याचा १४ नंबरचा ड्रेस आणि माझी ६ नंबरची पँट : बायकांच्या मापांचं नक्की झालं काय?

सुईदोरा

गेल्या महिन्यात आत्याचं घर आवरायला शिकागोला गेले होते. आत्या आता ८० ची झालीये, जिने झेपत नाहीत म्हणून लहान घरात जातेय. कपाटाच्या अगदी मागे एका जुन्या चादरीत गुंडाळलेला तिचा १९७१ सालचा ड्रेस सापडला, गडद निळा, जाड कापड, पाठीला लांब झिप. अमेरिकेत आल्यावर पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी घेतलेला. आत लेबल, त्यावर नंबर १४.

मी न्यू जर्सीत ६ घालते, एखाद्या दुकानात ४ सुद्धा होतो. म्हटलं हा मला चांगलाच ढगळ होणार, पिना लावून घालून तरी बघू. तर झिप कंबरेच्या वर सरकेचना. आत्या म्हणते श्वास आत घे, घेतला, तरी नाही. मग मी माझ्या सवयीप्रमाणे टेप काढली, ड्रेस पलंगावर सपाट पसरला, कंबरेशी आडवं मोजलं तर साडेतेरा, म्हणजे घेर २७ इंच. आणि माझ्या ६ नंबरच्या पँटची कंबर भरली साडेतीस! म्हणजे नंबर निम्म्याहून लहान आणि कापड साडेतीन इंच जास्त.

हे बघून मी हसत होते, पण आत्या गप्प झाली. मग म्हणाली, "अगं त्या १४ नंबरामुळे मी इथे आल्यापासून स्वतःला जाडी समजत आले." मुंबईत असताना तिने जन्मात कधी नंबरचा कपडा घातला नव्हता, शिंपी माप घ्यायचा आणि शिवून द्यायचा. इथे दुकानातल्या बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून १४ काढून दिला, आणि खोलीतली मैत्रीण १० घालायची. २७ इंच कंबर असलेली २६ वर्षांची मुलगी, आणि पन्नास वर्षं हे मनात घेऊन बसली. मला फार लागलं ते.

तेव्हापासून मी यावर मिळेल ते वाचतेय, आणि जे कळलं ते असं. आधी अमेरिकेत बायकांचे तयार कपडे दोनच पद्धतीने विकायचे, एकतर छातीचं माप, नाहीतर मुलींसाठी वय. १४, १६ हे आकडे मुळात वयाचे, १६ नंबर म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीचा! मग कॅटलॉगमधून टपालाने कपडे मागवायचं प्रमाण वाढलं तसे न बसणारे कपडे परत यायला लागले आणि कंपन्यांना त्याचा खर्च सोसेना. म्हणून १९३९-४० मधे सरकारच्या शेतकी खात्याने (हो, शेतकीच, त्यात गृहशास्त्राचा विभाग होता) जवळजवळ १५ हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९ मापं. रुथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांचं काम हे. पण ज्या बायका गोऱ्या नव्हत्या त्यांची मापं हिशोबातच धरली नाहीत. मापं देणारीला थोडे पैसे मिळायचे, तो मंदीचा काळ, त्यामुळे गरजू बायका जास्त आल्या. पुढे त्यात महायुद्धातल्या सैन्यातल्या बायकांची मापं घातली, म्हणजे तरुण आणि काटक शरीरं. यातून १९५८ मधे नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने पहिला तक्ता काढला, ८ पासून ३८ पर्यंत नंबर. त्यातला ८ म्हणजे छाती ३१, कंबर साडेतेवीस, नितंब साडेबत्तीस. आजच्या अमेरिकन दुकानात हे माप डबल झीरोलासुद्धा (००, शून्याहूनही लहान नंबर) मिळायचं नाही.

१९७० मधे तक्ता सुधारला, १९८३ मधे सरकारने तो काढूनच घेतला आणि मग जो तो आपापला. आता एएसटीएम नावाच्या संस्थेचे तक्ते आहेत पण ते पाळायची सक्ती कुणावर नाही.

तुमच्याकडे असे जुने कपडे असतील, किंवा शिवणातलं जास्त कळत असेल, तर लिहा ना. आत्याला वाचून दाखवणार आहे.

चाफेकळी

आत्यांना माझा नमस्कार सांगा. पन्नास वर्षं एक आकडा मनात, वाचून गलबलून आलं.

माझा अनुभव लहानसा आहे. एकाच दिवशी एकाच मॉलमधे मी एका दुकानात एम, दुसऱ्यात एक्सएल आणि तिसऱ्यात "मॅडम तुमच्या साइजचं आमच्याकडे येत नाही". तीन तासात माझं शरीर तर तेच होतं. पण घरी येताना लक्षात काय राहिलं, तर तिसरं दुकान.

धावदोरा

सुईदोरा, तुमचा १९७१ चा ड्रेस २७ भरला हे अगदी जुळतंय. मी पेपर पॅटर्न (कपडा बेतायचे छापील कागद, पाकिटात मिळतात) गोळा करते, माझ्याकडे साठ-पासष्ट तरी आहेत. १९६० च्या सुमाराच्या पाकिटावर १२ नंबर म्हणजे छाती ३२, कंबर २५, नितंब ३४. मग १९६८ च्या आसपास पॅटर्न कंपन्यांनी मिळून बदल केला, १२ म्हणजे छाती ३४, कंबर साडेपंचवीस, नितंब ३६. आणि तेव्हापासून पाकिटावरचे हे आकडे जवळपास तिथेच आहेत. दुकानातल्या कपड्यांचे नंबर खाली खाली घसरत गेले पण कागदी पॅटर्न जागचा हलला नाही, कारण त्यावर इंच छापलेले असतात आणि शिवणारी बाई टेप घेऊनच बसलेली असते, तिला फसवता येत नाही.

म्हणून शिवण शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी सांगते की दुकानात तू ८ घालतेस ते विसर, पाकिटामागचा तक्ता बघ, तुझा १४ किंवा १६ निघेल. मुली ऐकत नाहीत! ८ चाच कापतात आणि मग कापड वाया. एकीने आईच्या पैठणीचा कापला होता, काय सांगू तुम्हाला, मीच दोन रात्री बसून बगलेखाली पट्टी जोडून दिला.

गोदाकाठ

माहिती छान, पण मला एक शंका आहे. कंपन्यांनी आकडा लहान केला त्याने नुकसान काय झालं? बाईला ६ वाचून बरं वाटत असेल तर वाटू दे की. शिवाय शरीरंही बदललीच आहेत. अमेरिकेत १९६० च्या सुरुवातीला बाईचं सरासरी वजन १४० पौंड होतं, आता १७० आहे. जुनाच तक्ता ठेवला असता तर अर्ध्या बायकांना २४ आणि २६ नंबर लागले असते, ते बरं होतं का?

आणि आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता हे पण लक्षात घ्या. माझी आजी शेवटपर्यंत नऊवारी आणि खणाची गाठीची चोळी. बारीक झाली, जाड झाली, पाच बाळंतपणं झाली, लुगडं तेच, निरीचा हिशोब बदलायचा आणि चोळीची गाठ थोडी अलीकडे नाहीतर पलीकडे. तिच्या अंगावर आयुष्यात कधी आकडा आला नाही.

एक्स्पोर्टवाली

मी सोळा वर्षं तिरुपूर आणि बंगलोरला एक्स्पोर्ट हाऊसमधे मर्चंडायझर होते, तर आतून हे कसं चालतं ते सांगते, जरा लांबेल.

बायरकडून टेक पॅक येतो, त्यात मापांचा तक्ता असतो, त्याला आम्ही स्पेक म्हणतो. बायरची एक फिट मॉडेल असते, म्हणजे एक खरीखुरी बाई, तिच्यावर एकाच साइजचं सॅम्पल बसवतात, इथे ओढतंय तिथे झोळ पडतोय अशा कमेंट येतात, आपण दुरुस्त करून परत पाठवायचं, असं तीन-चार वेळा. ते पास झालं की बाकीच्या सगळ्या साइज त्याच्यावरून गणिताने निघतात, ग्रेडिंग म्हणतात त्याला, छातीला एवढं कंबरेला एवढं वाढवत जायचं. आता बघा, एका बाईच्या अंगावरून एक्सएस पासून थ्री एक्सएल पर्यंत सगळं काढायचं. बाई जाड झाली तर तिचा खांदा त्या प्रमाणात रुंद होत नाही, हात लांब होत नाहीत. पण ग्रेडिंगमधे सगळंच सरकत जातं, म्हणून मोठ्या साइजचा मुंढा खाली उतरतो, खांदा दंडावर येतो आणि गळा उघडा पडतो. अशा बायकांना वाटतं माझ्या अंगावर काही चांगलंच दिसत नाही. अहो त्या कपड्याचा कुणी तुमच्या अंगाचा विचार करून कागदच काढलेला नसतो!

दुसरं टॉलरन्स. स्पेकमधे कंबर ३० असेल तर अर्धा इंच इकडेतिकडे चालतो. कापडाचे शंभर-शंभर थर एकावर एक टाकून कटिंग मशीन फिरते, त्यात वरचा थर आणि खालचा थर थोडा सरकतोच. म्हणून एकाच रॅकवरच्या एकाच नंबरच्या दोन पँटींत एक इंचाचा फरक निघू शकतो. दुकानात कधीही एकाच साइजचे दोन पीस घालून बघा.

आणि आपल्या या चर्चेचा खरा मुद्दा. एका मोठ्या बायरचा रिपीट ऑर्डरचा स्पेक आला होता. मला जुना तक्ता शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघायची सवय. मीडियमची कंबर अर्ध्या इंचाने वाढलेली, नितंब अर्ध्याने, लेबल तेच. ईमेलमधे एवढंच, की अपडेटेड स्पेक वापरा. काही सीझननी परत अर्धा इंच. कुणी कुठे जाहीर करत नाही, अशीच अर्ध्या अर्ध्या इंचाने गाडी इतकी पुढे गेलीये.

सुईदोरा

एक्स्पोर्टवाली ताई, खूप खूप आभार, मुंढ्याचं तर आत्याला लगेच फोन करून सांगितलं.

गोदाकाठ, नुकसान काय झालं ते मी सांगते. माझी मुलगी १५ वर्षांची आहे, कंबर २८. एका दुकानात तिला २ बसला आणि पुढच्या दुकानात ८ सुद्धा नाही. ट्रायल रूममधून बाहेर आली तेव्हा डोळे लाल, घरी आल्यावर जेवली नाही. आकडा लहान करून तिला त्या पहिल्या दुकानात दहा मिनिटं बरं वाटलं असेल, पण त्या बरं वाटण्यानेच तर पुढच्या दुकानात रडवलं ना. आकडा शरीराचा असता तर दोन्हीकडे सारखा आला असता. आणि २४-२६ नंबर लागले असते तर लागले असते, आकड्यात लाज कशाची? लाज आहे असं आपणच कबूल करतो म्हणून तो आकडा खाली खेचून आपल्याला विकता येतो. २०१४ मधे जे क्रू कंपनीने ट्रिपल झीरो आणला. शून्याच्या खाली अजून दोन पायऱ्या! शून्य मापाची बाई असू शकते का हो? ज्या बारीक बायका होत्या त्यांना आता त्यांचं माप सांगायला आकडाच उरला नाही, आणि त्याच देशात सरासरी बाईला १६ ते १८ लागतो असं २०१६ मधे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासात निघालं, आणि तिला कितीतरी दुकानात कपडे एका कोपऱ्यात नाहीतर फक्त ऑनलाइन.

शिंप्याची_लेक

खूप दिवसांनी लिहावंसं वाटलं. माझ्या बाबांचं साताऱ्यात लेडीज टेलरचं दुकान होतं, ३८ वर्षं. गिऱ्हाइकांची मापं आई घ्यायची, बाबा कटिंग करायचे. मापांच्या वह्या अजून आहेत माझ्याकडे, लांबट, जाड पुठ्ठ्याच्या, प्रत्येक मापाशेजारी त्या ब्लाऊजपीसचा बोटभर तुकडा टाचणीने लावलेला. त्यात असं लिहिलेलं, उं १४, छा ३४, कं २८, मुं साडेसात, बाही ६, गळा पु ६ मा ८. एम नाही, एल नाही, चौदा नंबर नाही. त्या बाईचं त्या दिवशीचं शरीर, बास. पुढच्या वर्षी आली की नवीन ओळ. एकाच काकूंच्या वीस वर्षांच्या ओळी आहेत त्यात, ३२ पासून ४० पर्यंत, मधे दोन वेळा ३८ होऊन परत ३६, ती दोन बाळंतपणं. आई आकडा कधी मोठ्याने बोलायची नाही, नुसता लिहायची, बाहेर बाकावर इतर बायका बसलेल्या असायच्या ना.

आणि माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड! बाबा प्रत्येक ब्लाऊजला दोन्ही कुशीत इंच-दीड इंच माया सोडायचे. म्हणायचे, बाईमाणसाचं अंग भरतं, कापड तिने पैसे देऊन आणलंय, ते तिचं आहे, आपण कापून फेकायचं नाही. लग्नातला ब्लाऊज दहा वर्षांनी उसवून सैल करून न्यायच्या बायका, नुसती एक शिवण उसवायची आणि दुसरी मारायची, पंधरा मिनिटांचं काम. आजचा रेडीमेड कुर्ता उलटा करून बघा, ओव्हरलॉक मारलेला असतो, कापड जेमतेम एक सेंटीमीटर. त्यात सैल करायला काही ठेवलेलंच नाही. तुम्ही वाढलात तर नवीन घ्या.

(गोदाकाठ, तुमच्या आजींच्या चोळीबद्दल वाचून फार छान वाटलं.)

गोदाकाठ

सुईदोरा, मुलीबद्दल वाचून मी माझा मुद्दा मागे घेते. असं दोन दुकानांच्या मधे उभं राहून विचार केला नव्हता.

शिंप्याची_लेक, त्या वह्या जपून ठेवा हो. एखाद्या वस्तुसंग्रहालयाला द्या.

रानवारा

पुरुषांचं असं होत नाही असं वाटायचं कारण आमच्या पँटीवर सरळ इंच लिहिलेले असतात. पण २०१० मधे एस्क्वायर मासिकाच्या लेखकाने दुकानांतल्या ३६ लिहिलेल्या पँटी टेपने मोजल्या तर एक ४१ भरली! म्हणजे तिथेही आहेच. तरी इंच लिहिलेला असतो म्हणून खोटं सापडतं तरी, तुमच्या १४ ला मोजून खोटं पाडायचं कशाशी?

इंग्लंडकर

बर्मिंगहॅमहून लिहितेय. इथे १९५१ मधे एक मोठी पाहणी झाली होती, त्यात बाईची सरासरी कंबर साडेसत्तावीस. मग २००१ च्या सुमारास स्कॅनरने साधारण ११ हजार लोकांची मापं घेतली, तेव्हा ३४. छाती आणि नितंब दीडेक इंचच वाढलेले, कंबर साडेसहा. म्हणजे आकारच बदलला, निमुळती कंबर गेली. आणि बरेच कपडे अजून त्या जुन्या निमुळत्या आकारावर, म्हणून मला नितंबाला बसणारी पँट कंबरेला बसत नाही आणि कंबरेला बसते ती मागे पिशवीसारखी लोंबते. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे.

भारतातून येणाऱ्या मैत्रिणींसाठी, इथला १२ म्हणजे अमेरिकेतला ८, गोंधळू नका.

ते मेरिलिन मन्रो १६ नंबर घालायची म्हणून फॉरवर्ड फिरतो ना, तो पण याच घोळातला. तिच्या कपडे शिवणाऱ्यांच्या नोंदीत कंबर २२ आहे. आजचा १६ नंबर तिच्या अंगावर राहणारच नाही.

विणकर

भारतापुरतं सांगतो, सांगतो म्हणजे कापडाच्या धंद्यात आहे म्हणून. आपल्याकडे स्वतःचा तक्ताच नव्हता. एम म्हणजे ३८ हे कुठून आलं तर इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांवरून जुळवून घेतलेलं. त्यात अजून एक घोळ, काही कंपन्या ३८ लिहितात तेव्हा कपड्याची छाती ३८ असते, काहींच्यात ३८ छातीच्या बाईला बसेल असा ४० चा कपडा असतो. टू फिट असं लिहिलेलं असेल तर तो दुसरा प्रकार. ऑनलाइन घेताना हे वाचाच.

निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने इंडियासाइज नावाने पाहणी हाती घेतली, वेगवेगळ्या भागातल्या २५ हजारांवर लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची असं ठरवून. आपल्या बायकांचे खांदे, दंड, उंची आपल्या तक्त्यात यायला पाहिजेत, कधीच यायला पाहिजे होते. बाहीत दंड अडकतो ही तक्रार माझ्या दुकानात रोज येते.

एक्स्पोर्टवाली

विणकर, शंभर टक्के. दंडाचं माप परदेशी स्पेकमधे आपल्या बायकांना हमखास कमी पडतं. आणि ऑनलाइन रेडीमेड ब्लाऊज घेणाऱ्यांनो, ३८, आत चार इंच मार्जिन, असं लिहिलेलं असेल तोच घ्या. ती शिंप्याची_लेक म्हणते ती माया, अजून ब्लाऊजमधे तेवढी शिल्लक आहे.

चाफेकळी

मी आज टेप आणली. पंचवीस रुपये. स्वतःची मापं वहीत लिहिली, तारीख घालून. आता दुकानात गेले की कपडाच मोजणार, लेबल बघणारच नाही.

सुईदोरा

सगळ्यांचं वाचून दाखवलं आत्याला, फोनवर, दोन संध्याकाळी लागल्या. वह्यांचं ऐकून म्हणाली, मुंबईतला तिचा शिंपी पण तुकडा टाचून ठेवायचा.

शिंप्याची_लेक, तुमचं मायेबद्दल वाचलं आणि ड्रेस उलटा केला. दोन्ही कुशींना पाऊण पाऊण इंच कापड आत निघालं, १९७१ चं, कारखान्यात शिवलेलं. पाव इंच ठेवून बाकीचं सोडलं तर पुढचा-मागचा अर्धा अर्धा मिळून प्रत्येक बाजूला एक इंच, कंबर २९ झाली. जुन्या शिवणीची खूण इस्त्रीने आणि व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने बरीचशी गेली. मला नाहीच होत, पण लेकीला अगदी बेतशीर बसला. लेबल तसंच ठेवलंय, १४. तिने स्वतःच आत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि गोल फिरून दाखवलं, आत्या कितीतरी वेळ बघत होती, मग म्हणाली खांद्याला जरा वर घे, मला पण तिथे उतरायचा.

झिप तेवढी राहिलीये. धातूची आहे, कंबरेशी अडकते. अशी २२ इंची झिप कुणाला कुठे मिळाली असेल तर सांगा, नायलॉनची लावायची नाहीये.